आदिवासी पाड्यावरची वीज आणि आपला सहकार



दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या आणण्यासाठी सुरगाण्याकडे जावे लागते. नाशिक रोडहून गाडी निघाली की बराच वेळ पाठीमागे एकलहऱ्याच्या चिमण्या दिसत राहतात. वणी मागे पडली की द्राक्षबागा संपतात, डोंगर सुरू होतात. गेल्या खेपेस पाड्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. पाड्यावर विजेचे खांब आहेत, घरोघर मीटरही बसले आहेत. पण दोन दिवसांपूर्वी वारा सुटला, तार तुटली आणि तेव्हापासून लाईट नव्हती. मुकादमाची आई चुलीच्या उजेडात नागलीच्या भाकरी थापत होती.

बोलता बोलता ती म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं उसाच्या चोयट्यावर लाईट करतात म्हणं. आमच्याकडं पानी एवढं पडतं, ऊन एवढं तापतं. त्यावर नाही का होत?"

"होते की," मी म्हणालो.

"मंग ती कोणी करायची?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याचे तिथे देता आले नाही. परत आल्यावर चौकशी केली, थोडे वाचले, जाणकारांशी बोललो. त्यातून जे समजले ते सभासदांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. डोंगरातल्या विजेचा ऊस उत्पादकाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण दारणा आणि गोदावरीचे जे पाणी आपल्या उसाला मिळते ते इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात पडते, आणि तो ऊस तोडणारे अनेक हात त्याच डोंगरपट्ट्यातून येतात. संबंध आहे तो असा.

वीज कशी होते

आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करू. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. तो बॉयलरमध्ये जाळायचा, वाफ करायची आणि त्या वाफेवर टर्बाईन फिरवायचे. पूर्वी ही वीज कारखान्यापुरतीच असे. पुढे जास्त दाबाचे बॉयलर आले आणि अनेक कारखाने उरलेली वीज महावितरणला विकू लागले. ज्याला आपण टाकाऊ म्हणत होतो तेच उत्पन्नाचे साधन झाले. ऊस दरवर्षी नव्याने उगवतो म्हणून या विजेला अक्षय ऊर्जा म्हणतात. एकलहऱ्याला जळणारा कोळसा एकदा जळला की संपला.

डोंगरात बगॅस नाही, पण पाणी आणि उतार आहे. पडणाऱ्या पाण्यापासून किती वीज मिळेल याचा हिशेब कोणालाही करता येण्यासारखा आहे. सेकंदाला किती लिटर पाणी येते आणि ते किती मीटर उंचीवरून खाली येते, या दोहोंचा गुणाकार करायचा व त्याला ९.८ ने गुणायचे. उत्तर वॅटमध्ये येते. समजा ओढ्याला सेकंदाला १०० लिटर पाणी आहे आणि ३० मीटरचा उतार आहे. गुणाकार येतो २९,४०० वॅट. पाईपमधले घर्षण, टर्बाईन आणि जनित्र यांत बरेच वाया जाते. हाती साठ टक्के धरले तरी १७ किलोवॅटच्या पुढे वीज मिळते. पाड्यावरचे दिवे आणि एखादी पिठाची गिरणी यांना ती पुरून उरते. यासाठी मोठे धरण लागत नाही. वरच्या बाजूला लहान बंधारा घालायचा, पाटाने पाणी काढून टाकीत घ्यायचे, तिथून पाईपने खाली यंत्रावर सोडायचे आणि काम झाले की पुन्हा ओढ्याला लावून द्यायचे.

अडचण एवढीच की सह्याद्रीतले बहुतेक ओढे शिमग्यापर्यंत आटतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी चैत्र-वैशाखात त्याच तालुक्यातल्या बाया हंडे घेऊन दऱ्या उतरतात. मात्र ओढा आटतो तेव्हा ऊन कडक असते आणि पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा ओढा भरून वाहतो. एक किलोवॅटची सौर पाटी निरभ्र दिवशी सुमारे ४ युनिट वीज देते. म्हणजे पाणी आणि ऊन यांची जोडी लावली तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. एका बैलावर औत चालत नाही, तसेच हे आहे.

बिलगावने काय केले

हे कागदावरचे गणित नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात ते करून दाखविले गेले आहे.

नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यात, नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीकाठी बिलगाव नावाचे आदिवासी गाव आहे. तिथे धबधबा आहे. सरदार सरोवराच्या बुडिताविरुद्ध लढणाऱ्या या खोऱ्यातल्या लोकांनी त्या धबधब्यावर स्वतःचे वीजकेंद्र उभारले. केरळमधील 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी' या गटाच्या अभियंत्यांनी आराखडा केला, परदेशस्थ भारतीयांच्या 'एड' या संस्थेने मदत दिली आणि गावकऱ्यांनी श्रमदान केले. दगड वाहिले, पाट खोदला, बंधारा बांधला. आंदोलनाच्या जीवनशाळेतील मुलांनीही हात लावला. जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॅटचे हे केंद्र सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर पंचावन्न वर्षे ज्या पाड्यांवर वीज आली नव्हती तिथे दिवे लागले. 'स्वदेस' या २००४ सालच्या हिंदी चित्रपटात गावकरी पाण्यावर वीज तयार करतात, तो भाग बिलगावच्या कामावरून सुचला होता.

पुढची हकीकत चित्रपटात नाही. मार्च २००६ मध्ये सरदार सरोवर धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत वाढविण्यास परवानगी मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टच्या पुरात बिलगावचे केंद्र पाण्याखाली गेले. गावाने स्वतःच्या हाताने केलेली १५ किलोवॅट वीज, शेकडो मेगावॅटच्या प्रकल्पाच्या पाण्यात बुडाली.

धरणाच्या वादात आपल्याला येथे शिरायचे नाही. आपल्यापैकी अनेकांचे शेत धरणाच्या पाण्यावरच भिजते. पण दोन गोष्टी मनात ठेवण्यासारख्या आहेत. एक, आदिवासी गावाला यंत्र चालविता येत नाही हा समज बिलगावने खोटा पाडला. दुसरी, यंत्र गावाचे असले तरी पाणी आणि जमीन यांवर गावाचा कायदेशीर हक्क पक्का नसेल तर ते टिकत नाही.

दरेवाडी आणि घसाऱ्याचा हिशेब

दुसरे उदाहरण जवळचे आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात डोंगरावर दरेवाडी ही महादेव कोळी समाजाची लहान वस्ती आहे. तिथे २०१२ साली ९.४ किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. पुण्याच्या 'ग्राम ऊर्जा' या संस्थेने तो उभारला, एका कंपनीने भांडवल दिले आणि सुमारे चाळीस घरांना वीज मिळाली.

सौर दिवे पुष्कळ ठिकाणी वाटले गेले आहेत. दरेवाडीत वेगळे होते ते हे की प्रकल्प सांभाळण्यासाठी गावाचा न्यास स्थापन झाला, प्रत्येक घराला मीटर लावले, आणि वीज वापरेल त्याने दरमहा पैसे भरायचे असे ठरले. फुकट काही नाही. जमणारा पैसा गावाच्या खात्यात, देखभालीसाठी आणि पुढे बॅटऱ्या बदलण्यासाठी.

बॅटरी हा या धंद्यातला कळीचा मुद्दा आहे. सौर पाट्या वीस-पंचवीस वर्षे चालतात. रात्रीसाठी वीज साठविणारी साधी बॅटरी पाच-सहा वर्षांत म्हातारी होते. आपण पाहिले असेल, कित्येक गावांत सौर दिव्यांचे खांब उभे आहेत आणि दिवा मात्र बंद. चोरीचे प्रकार सोडले तर बहुतेक ठिकाणी कारण एकच : बॅटरी संपली आणि नवी आणायला कोणाजवळ पैसा नाही. उद्‌घाटनाला फीत कापणारे पुष्कळ होते, घसारा काढणारा कोणी नव्हता.

सभासदांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या ताळेबंदात घसारा निधी असतो तो कशासाठी? आज गिरणीचा रोलर चालतो म्हणून उद्याही चालेल असे नाही. पाड्याचा हिशेब हिशेबापुरते आकडे धरून करून पाहू. चाळीस घरे आहेत, बॅटऱ्यांची किंमत चार लाख रुपये आहे आणि त्या सहा वर्षे चालणार आहेत. वर्षाला सुमारे ६६,७०० रुपये बाजूला पडले पाहिजेत. घरटी वर्षाला १,६७० रुपये, म्हणजे महिन्याला १४० रुपयांच्या आत. विजेचा वापर आणि चालकाचा पगार वेगळा. हे पैसे मजुरी करणाऱ्या घराला थोडे नाहीत. पण ते भरले तर दिवा सातव्या वर्षीही लागेल. न भरले तर सहाव्या वर्षी खांब उरेल.

दिव्याच्या पुढे

नुसता दिवा लागल्याने घरात पैसा येत नाही, उलट जातो. दरमहाचे १४० रुपये कोठून आणायचे? म्हणून विजेला कामाला लावले पाहिजे. रात्री दिव्याला लागते ती वीज थोडी आणि महाग, कारण ती बॅटरीतून येते. दिवसा उन्हात जी तयार होते ती स्वस्त. ती जागच्या जागी वापरली तर बॅटरीचा खर्चच नाही.

पहिले काम पिठाच्या गिरणीचे. नागली, वरई दळायला बायकांना कोस-दीड कोस चालावे लागते, तो वेळ वाचतो आणि दळणाचा पैसा पाड्यावरच राहतो. दुसरे काम पाण्याचे. खोलवरच्या विहिरीतून पिण्याचे पाणी सौर पंपाने पाड्यावर आणण्याची कामे त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत झाली आहेत. एक हंडा पाण्यासाठी ज्या बाईचा अर्धा दिवस जातो तिला हा अर्धा दिवस परत मिळणे हीच मोठी कमाई.

तिसरे काम शेतीचे, आणि सगळा अर्थव्यवहार त्यावर फिरतो. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण पाच किलोवॅटच्या पाट्या लागतात. दिवसा पाणी मिळते, बिबट्याच्या भीतीत रात्री मोटार चालू करायला जावे लागत नाही. हे सुख काय असते ते आपल्या सभासदांना पक्के ठाऊक आहे. २०१९ साली सुरू झालेल्या 'कुसुम' योजनेत महाराष्ट्रात सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठेवला गेला. पावसाळी भातानंतर दुसरे पीक निघाले तर काय होते ते सुरगाण्यातच पाहायला मिळते. सापुताऱ्याच्या बाजूला ज्यांच्याकडे पाणी आहे ते आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरी घेतात. ज्यांच्याकडे पाणी नाही ते दिवाळीनंतर घराला कुलूप लावतात आणि कोयता घेऊन निघतात.

वीज कोणाची?

आता म्हातारीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ती कोणी करायची?

आदिवासी डोंगरात वीज तयार होत नाही असे नाही. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला होते. त्याच तालुक्याच्या टोकाला घाटघर येथे २००८ साली २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प सुरू झाला. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. पण ही वीज वरच्या तारांनी निघून जाते. साक्रीत वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या तेव्हा तीच जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींनी २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन हक्क सांगितला, मोर्चे काढले. वारा त्यांच्या डोंगरावरचा, पाते दुसऱ्याचे.

असे सगळीकडेच होते असे मात्र नाही. कॅनडा देशात ह्युरॉन सरोवरातील मॅनिटूलिन बेटावर मचिगिंग नावाचा तेथील मूळ रहिवाशांचा समाज राहतो. या समाजाने २०१२ साली २ मेगावॅटच्या दोन पवनचक्क्या उभ्या केल्या. मालकी पूर्णपणे समाजाची. वीज प्रांताच्या जाळ्यात विकली जाते आणि उत्पन्न समाजाच्या कामी येते. वारा तोच, पाते तेच. फरक भागभांडवलाचा.

हा फरक आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. एके काळी ऊस आपला आणि गुऱ्हाळाचा पैसा सावकाराचा असे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी भाग गोळा केले आणि १९५० च्या अखेरीस स्वतःच्या कारखान्यात गाळप सुरू केले. अडाणी शेतकऱ्याला कारखाना चालविता येईल काय, असे तेव्हाही विचारणारे होते.

आदिवासी भागात सहकार नवा नाही. जंगल कामगारांच्या सहकारी संस्था १९४७ पासून आहेत. आदिवासी विविध कार्यकारी सोसायट्या गावोगाव आहेत. त्यांच्या मालाच्या खरेदीसाठी १९७२ साली स्थापन झालेल्या सहकारी आदिवासी विकास महामंडळाचे मुख्यालय तर आपल्या नाशकातच आहे. कायद्याचीही आडकाठी नाही. वीज कायदा, २००३ प्रमाणे अधिसूचित ग्रामीण भागात स्वतः वीज तयार करून वाटणाऱ्यास वेगळा परवाना लागत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले, वनहक्क कायद्याने जमिनीचा दावा करता येतो. बिलगावच्या वेळी वनहक्क कायदा नव्हता. आज आहे.

एक इशाराही

सहकार म्हटला की सगळे गोड होते असे समजण्याचे कारण नाही. वीज वाटपाच्या सहकाराचा एक मोठा प्रयोग आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात झाला. श्रीरामपूर भागातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९६९ साली स्थापन झाली. खेड्यापाड्यांत, विहिरीविहिरींवर तिने वीज नेली. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची व ग्राहकांना द्यायची असे तिचे काम होते. पण मंडळाची थकबाकी डोंगराएवढी झाली, घाऊक दराचा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि २०११ च्या प्रारंभी तिच्याकडचे वाटपाचे काम महावितरणकडे गेले.

चाळीस वर्षे चाललेल्या संस्थेला एका वाक्यात निकालात काढणे बरे नाही. तरी पाड्याने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. वीज घेणारा आणि संस्थेचा मालक एकच असला की बिल मागायला संकोच होतो. 'आपलीच संस्था आहे, पाहू पुढच्या महिन्यात' हे वाक्य सहकाराला जेवढे महाग पडले तेवढा दुष्काळही पडला नसेल. आपल्याकडे आकडा टाकणारे लोक आहेत, त्यांची नावे आपल्याला माहीतही असतात, आणि आपण गप्प बसतो. पाड्यावर चाळीस घरांत एकाने आकडा टाकला तर त्याच रात्री सगळ्यांचे दिवे मंद होतात. म्हणून मीटर, पावती आणि दरमहा ग्रामसभेपुढे जमाखर्च, या तीन गोष्टींत सूट नको. कोषाध्यक्षपदी घरातली बाई असावी असेही सुचवावेसे वाटते. बचत गटांचा अनुभव तसे सांगतो.

मग आपला ऊस कोण तोडणार?

हा लेख लिहिणार म्हटल्यावर एका जुन्या सभासदाने मला हेच विचारले. "पाड्यावर पाणी आलं, दोन पिकं निघाली, तर टोळी कशाला येईल? तुम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला सांगता काय?"

प्रश्न खोटा नाही. मी त्याला उत्तर दिले ते येथे देतो. टोळ्या आजच कमी येऊ लागल्या आहेत. उचल घेऊन न येणारेही वाढले आहेत. ऊसतोड यंत्रे शिवारात दिसू लागली आहेत. दुसऱ्याच्या पाड्यावर अंधार आहे म्हणून आपल्या फडात माणूस मिळतो, हा आधार फार दिवसांचा नाही आणि शोभणाराही नाही. ज्याच्या घरी दुसरे पीक आहे तो आला तर दर ठरवून, आपल्या सोयीने येईल. त्याची पोरे पाचटाच्या खोपीत न राहता शाळेत राहतील. आपल्याला तोडणी दर वाढवून द्यावा लागेल हे खरे. मग आपला उसाचा भाव मागताना आपण खर्चावर आधारित भाव मागतो तो कोणत्या तोंडाने?

कारखान्याने डोंगरात जाऊन वीजकेंद्र बांधावे असे सुचवायचे नाही. कारखान्याची स्वतःची ओढाताण सभासद जाणतात. पण पैसा न लागणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत. आपल्या विद्युत विभागातील कारागीर बिगरहंगामात पाड्यावरच्या दोन तरुणांना तारा जोडणे, मीटर वाचणे, मोटार दुरुस्त करणे शिकवू शकतात. संस्थेचे दप्तर कसे लिहावे हे आपले लेखा विभागाचे लोक शिकवू शकतात. ज्या पाड्यांवरून टोळ्या येतात तिथल्या सोसायटीला योजनेचे अर्ज भरून देण्यास शेती विभागाचा गटप्रमुख मदत करू शकतो. तो तिथे जातोच. वार्षिक सभेत यावर पाच मिनिटे बोलणे व्हावे, एवढीच विनंती.

येत्या दसऱ्याला पुन्हा त्याच पाड्यावर जायचे आहे. म्हातारी विचारणार हे नक्की. या वेळी सांगता येईल : आजी, लाईट होते. तुमच्या पाण्यावर होते, तुमच्या उन्हावर होते. करायची तुम्हीच, भाग काढून, पावती फाडून. जोडणी कशी करायची आणि वही कशी लिहायची ते दाखवायला आमची दोन माणसे घेऊन आलो आहे.

ती दोन माणसे बरोबर असतील की नाही, ते आपण ठरवायचे आहे.